मराठीसाठी गुप्त लिपी: चिन्हं कमी, पद्धत पक्की

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मैत्रिणीबरोबर वहीत लिहायला तुम्ही मराठीतल्या प्रत्येक अक्षराला एक चिन्ह दिलंत. जोडाक्षर आलं की हात अडतो, चार ओळी वाचायच्या तरी तक्ता समोर लागतो, आणि एवढा खटाटोप करूनही धाकट्या भावाने एका दुपारीत अर्धं पान वाचून दाखवलं. लिपी लिहायला सोपी हवी आणि दुसऱ्याला सहज कळायला नको, तर काय करावं?

यात दोन वेगळी कामं एकमेकांत मिसळली आहेत. नवी लिपी घडवणं हे एक काम, मजकूर लपवणं हे दुसरं. चिन्ह कितीही अनोळखी दिसो, त्याने मजकूर लपत नाही. ‘क’च्या जागी त्रिकोण काढला काय आणि माशाचं चित्र काढलं काय, उलगडणाऱ्याला दोन्ही सारखंच. तो चिन्हाचं रूप बघतच नाही. ते किती वेळा येतं, कशाच्या शेजारी येतं, शब्दात कुठे बसतं, एवढंच बघतो. म्हणून मी नेहमी आधी वाचायला-लिहायला सुखाची लिपी करायला सांगतो आणि लपवण्याची युक्ती नंतर वेगळी चढवायला. दोन्ही एकदम करायला गेलं की तुमचं झालं तसं होतं: लिहिणाऱ्याला अवघड, फोडणाऱ्याला सोपं.

आधी लिपी. तुम्ही देवनागरीचा तक्ता उचलून त्यातल्या चौकटी बदलल्यात. अडचण तिथूनच सुरू झाली. देवनागरीत ‘क’ लिहिला की त्यात ‘अ’ आपोआप असतो, दुसरा स्वर हवा तर मात्रा लावायची आणि स्वर नको असेल तर अक्षर अर्धं करायचं. या सोयी शेकडो वर्षांत हातात मुरल्या आहेत, म्हणून आपल्याला जाणवत नाहीत. नव्या चिन्हांना अर्धं कसं करणार? त्रिकोणाला काना कुठे देणार? म्हणून पहिला बदल हा करा: मात्रा काढून टाका, आणि स्वर व्यंजनाच्या पुढे, ओळीतच, स्वतंत्र चिन्ह म्हणून लिहा. ‘अ’ ऐकू आला तर तोही लिहा, ऐकू आला नाही तर सोडा.

‘घर’ म्हणताना शेवटचा ‘अ’ आपण उच्चारत नाही. म्हणून घ, अ, र अशी तीनच चिन्हं. ‘पत्र’मध्ये मात्र शेवटी ‘अ’ ऐकू येतो: प, अ, त, र, अ. ‘विद्यार्थी’ हा शब्द तुमच्या जुन्या तक्त्यात किती छळत असेल! आता तो व, इ, द, य, आ, र, थ, ई असा आठ चिन्हांत सरळ उतरतो. अर्धा द नाही, रफार नाही. जोडाक्षराचा प्रश्नच उरत नाही.

दुसरा बदल चिन्हांच्या संख्येचा. चाळीस-पन्नास सुटी चिन्हं कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. पण आपली वर्णमाला मुळातच फार शहाणपणाने मांडलेली आहे, तिचा फायदा घ्या. क, च, ट, त, प या पाच वर्गांना पाच मूळ आकार द्या. मग वर्गातल्या बाकीच्या अक्षरांसाठी तीनच खुणा पुरतात: श्वास जोरात सुटतो त्याला एक छोटी आडवी रेघ (ख, छ, ठ, थ, फ), घोष, म्हणजे घशात कंप, असेल तर एक टिंब (ग, ज, ड, द, ब), दोन्ही असेल तर दोन्ही (घ, झ, ढ, ध, भ). अनुनासिकाला (ङ, ञ, ण, न, म) एक गाठ. पाच आकार आणि तीन खुणांत पंचवीस अक्षरं झाली. य, र, ल, व, श, स, ह, ळ यांना आठ वेगळे आकार. ‘ष’ बोलताना आपण बहुतेक ‘श’च म्हणतो, तेव्हा त्याला वेगळं चिन्ह देऊ नका. स्वरांना साधी, छोटी चिन्हं. अनुस्वाराला एकच चिन्ह ठेवा, म्हणजे ‘अंक’, ‘आंबा’, ‘वंदन’ या तिन्हींत नाकातला उच्चार वेगळा असला तरी लिहिताना विचार करावा लागत नाही.

उच्चाराची जागा आकाराने दाखवायची आणि उच्चाराचा प्रकार खुणेने, हे तत्त्व फार जुनं आहे आणि ते किती टिकतं याचा सर्वांत मोठा दाखला कोरियात आहे. राजा सेजोंगच्या काळात १४४३ मध्ये हंगुल लिपी तयार झाली आणि १४४६ मध्ये ती जाहीर केली गेली. तिच्यातल्या मूळ व्यंजनांचे आकार उच्चारताना जीभ आणि तोंड जसं होतं त्यावरून घेतलेले आहेत आणि जोराच्या उच्चारासाठी त्याच आकारात एक रेघ वाढते. आज एक अख्खा देश त्या लिपीत लिहितो. आणि लिपी करायला राजाच लागतो असंही नाही. गिनी देशात इब्राहिमा आणि अब्दुलाये बॅरी या दोन भावांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस, कुमारवयात, आपल्या फुला भाषेसाठी घरात बसून लिपी केली. ती म्हणजे अदलाम. २०१६ मध्ये तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली, म्हणजे ती आता फोनवरही लिहिता येते.

स्वतःची लिपी करताना एक सुख असं मिळतं की देवनागरी जे दाखवत नाही ते तुम्ही दाखवू शकता. ‘चिंच’ हा शब्द मोठ्याने म्हणून बघा. पहिला च तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून, दुसरा दंत्य, म्हणजे दातांशी. पण लिहिताना दोन्ही एकच. तुमच्या लिपीत या दोन ‘च’ना, तसंच दोन ‘ज’ना आणि दोन ‘झ’ना वेगळी चिन्हं द्या. बाहेरून फोडू पाहणाऱ्याचा हिशेब यामुळे थोडा बिघडतो, तो वर फायदा.

आकार ठरवताना चित्र काढू नका, लिहा. हा सल्ला मी सगळ्यात आग्रहाने देतो. कागदावर एकेक चिन्ह सुबक काढून तक्ता सजवला की तो देखणा दिसतो, पण त्या चिन्हांनी पाच ओळी लिहायला घेतल्या की बोटं दुखतात. प्रत्येक चिन्ह पेन न उचलता, फार तर एकदा उचलून काढता आलं पाहिजे. एकच शब्द भराभर वीस-तीस वेळा लिहा. विसाव्या वेळी चिन्हाचा जो आकार उरतो तो तुमचा खरा आकार. कोपरे गोल होतात, जास्तीच्या रेघा गळतात. त्यांना गळू द्या. मोडी असंच वळण घेत गेली: आधी ओळभर शिरोरेषा ओढून घ्यायची, मग तिच्याखाली पेन फारसं न उचलता अक्षरं सोडत जायची. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही मोडीने सोडून दिला, कारण वाचणाऱ्याला तो संदर्भाने कळतो. तुम्हीही इ-ई आणि उ-ऊ यांना एकेकच चिन्ह ठेवू शकता. दोन चिन्हं कमी होतील.

एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली दोन चिन्हं ठेवू नका, घाईत हमखास उलटी पडतात. डावीकडून उजवीकडे की उलट, हे तुमच्या आवडीवर. लिओनार्दो द व्हिंची आपल्या वह्या उजवीकडून डावीकडे, आरशात धरल्यावर सरळ दिसेल असं लिहायचा. डावखुऱ्यांना हे सोपं जातं. बाकीच्यांनी हौस असेल तरच करावं.

आता भावाकडे वळू. त्याने लिपी कशी फोडली असेल, याचा मला अंदाज आहे. मराठी स्वतःच चुगली करते. आपल्या वाक्यांच्या शेवटी काय येतं? ‘आहे’.

समजा वरच्या पद्धतीने लिहिलेलं एक पान माझ्या हाती आलं आणि चिन्हांना ओळख म्हणून मी आकडे दिले. मला दिसतं की बरीच वाक्यं ७-३-९ या तीन चिन्हांच्या शब्दाने संपतात. तो ‘आहे’ असणार, असं धरून चालतो: ७ म्हणजे आ, ३ म्हणजे ह, ९ म्हणजे ए. काही वाक्यं ७-३-९-४ ने संपतात. ‘आहेत’. मिळाला त. एखाद्या वाक्याच्या शेवटी २-७-३-५ आहे. मधे ‘आह’ बसलेला, चार चिन्हांचा, शेवटी येणारा शब्द कोणता? ‘नाही’. न आणि ई मिळाले. आता ४-९ म्हणजे ते, ४-५ म्हणजे ती, ३-७ म्हणजे हा, ३-५ म्हणजे ही आणि शब्दाच्या शेवटी येणारं २-९ म्हणजे ‘ने’ प्रत्यय. सहा चिन्हं हातात आली आणि अजून मी बसल्या जागेवरून उठलोही नाही. पुढे ‘चा-ची-चे’ शोधायचं: शेवटी आ, ई, ए आळीपाळीने येतात आणि त्यांच्या आधी एकच चिन्ह कायम असतं, ते च.

वारंवारता मोजून गुप्त लेखन उलगडण्याची ही रीत नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या विद्वानाने लिहून ठेवली. ती आजही तितकीच चालते. मराठीत आ हा स्वर फार येतो. व्यंजनांत र, त, न, क, ल, च पुढे असतात, तर ढ, छ, ठ मागे राहतात. तुमच्या भावाने मोजणी केली नसेल, पण ‘आहे’ ओळखला असेल.

त्याला अडवायचं तर तीन-चार उपाय एकत्र वापरा. शब्दांमधली मोकळी जागा काढून टाका आणि मजकूर पाच-पाच चिन्हांच्या गटांत तोडा. शब्द कुठे संपतो हेच कळलं नाही तर वरचा माझा सगळा डाव फसतो. पूर्णविरामही काढा. हा एकच उपाय करायचा झाला तरी हाच करा. मग आ, अ, ए, त, र अशा सारख्या येणाऱ्या ध्वनींना दोन-तीन पर्यायी चिन्हं द्या आणि ती आलटून पालटून वापरा, म्हणजे मोजणी सपाट होते. ‘आहे’, ‘नाही’, ‘आणि’ या शब्दांना अख्ख्या शब्दाचं एकेक चिन्ह द्या. आणि काही पोकळ चिन्हं ठेवा, ज्यांचा अर्थ काहीच नाही. ती मधूनच पेरायची.

पोकळ चिन्हांचं बळ किती असतं याचं माझं आवडतं उदाहरण कोपिआले हस्तलिखिताचं. अठराव्या शतकातलं, १०५ पानांचं हे जर्मन हस्तलिखित २०११ मध्ये उलगडलं. त्यात ओळखीची रोमन अक्षरं होती आणि अनोळखी चिन्हंही होती. साहजिकच आधी सगळं लक्ष रोमन अक्षरांकडे गेलं. प्रत्यक्षात ती फक्त शब्दांमधली जागा भरत होती, खरा मजकूर अनोळखी चिन्हांत होता! तुम्हीही हे करू शकता: आपल्या चिन्हांमध्ये मधूनमधून देवनागरी अक्षरं टाका. वाचणारा आधी त्यांच्याच मागे लागेल.

युक्त्या चढवल्या म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका. स्कॉटलंडची राणी मेरी हिच्या सांकेतिक पत्रांत अक्षरांची चिन्हं होती, नेहमीच्या शब्दांची वेगळी चिन्हं होती, पोकळ चिन्हंही होती. तरी १५८६ मध्ये तिची पत्रं वाटेत पकडून फोडली गेली आणि पुढच्या वर्षी तिला मृत्युदंड झाला. आपल्याला खेळ करायचा आहे, तेव्हा एवढी भीती नको. पण बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड या लिपीत लिहून ठेवू नका.

आकडे उघडे ठेवणं हीसुद्धा एक नेहमीची फट. चित्रकार-लेखिका बीट्रिक्स पॉटर हिने किशोरवयापासून कित्येक वर्षं स्वतःच्या सांकेतिक लिपीत रोजनिशी लिहिली. तिच्या मृत्यूनंतर ती पानं कुणालाच वाचता येईनात. १९५८ मध्ये लेस्ली लिंडर या तिच्या चित्र-लेखनाच्या संग्राहकाला एका ओळीत रोमन सोळा आणि १७९३ हे आकडे उघडे दिसले. फ्रान्सच्या सोळाव्या लुईला १७९३ मध्ये मृत्युदंड झाला होता. त्या धाग्यावरून एक शब्द सुटला, मग अख्खी लिपी सुटली. म्हणून तारखा, वय, इयत्ता हे सगळं अक्षरी लिहा, नाहीतर आकड्यांनाही चिन्हं द्या.

चिन्हांची दगदग नकोच असेल तर आपल्याकडची एक सुंदर रीत आहे, अंकपल्लवी. तिची बहीण करपल्लवी: हाताने नागाचा फणा दाखवला की अ-वर्ग (अहिफण), कमळ दाखवलं की क-वर्ग, चक्र दाखवलं की च-वर्ग आणि मग बोटांनी वर्गातलं कितवं अक्षर ते सांगायचं. अंकपल्लवीत हेच आकड्यांनी करतात. मी वापरतो ती मांडणी अशी. प्रत्येक अक्षराला तीन आकडे. पहिला वर्गाचा: स्वर १, क २, च ३, ट ४, त ५, प ६, य-र-ल-व ७, श-ष-स-ह-ळ ८. दुसरा त्या वर्गातला क्रमांक. तिसरा स्वराचा: अ १, आ २, इ-ई ३, उ-ऊ ४, ए ५, ऐ ६, ओ ७, औ ८ आणि स्वर नसेल, म्हणजे अक्षर अर्धं असेल, तर ०. सुटा स्वर आला तर दुसरा आकडा १ ठेवायचा. अनुस्वाराला ९००.

मग ‘पाणी’ होतं ६१२ ४५३. ‘वेळ’ ७४५ ८५१. ‘पत्र’ ६११ ५१० ७२१. ‘गंध’ २३१ ९०० ५४१. शून्याने सुरू होणारा कोणताही गट पोकळ समजायचा, म्हणजे ०४७, ०१२ असे गट हवे तिथे घालता येतात. असं पान बाहेरून हिशेबाच्या वहीसारखं दिसतं. तिसऱ्या आकड्यात १ आणि २ फार येतात, हा तिचा दुबळेपणा. तो लपवायला पोकळ गटांचे शेवट मुद्दाम ६, ८ असे निवडा.

हा छंद आपल्या मातीत किती जुना आहे! कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत म्लेच्छितविकल्प ही सांकेतिक बोलण्या-लिहिण्याची कला आहे आणि टीकाकारांनी वर्णांच्या जोड्या ठरवून त्यांची अदलाबदल करण्याच्या रीती सांगितल्या आहेत. मराठीत तर महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवून ठेवले. पंथाबाहेरच्यांना ते कित्येक शतकं वाचता आले नाहीत; विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली, तेव्हा मराठीतलं आद्य गद्य अभ्यासकांपुढे आलं. आणि लहानपणीची च-ची भाषा कुणाला येत नाही? ‘मला’चं ‘चलाम’, ‘नाव’चं ‘चवना’. तीही याच घराण्यातली, फक्त तोंडी.

थोडं पुढचं हवं असेल तर किल्लीचे आकडे वापरा. क पासून ळ पर्यंतची चौतीस व्यंजनं ओळीने मांडा. किल्ली समजा २-५-१. पहिलं व्यंजन दोन घरं पुढे न्यायचं, दुसरं पाच, तिसरं एक, मग पुन्हा दोन. ळ नंतर परत क. ‘कमळ’चं होतं ‘गशक’. तोच शब्द पुढे कुठेतरी किल्लीच्या दुसऱ्या आकड्यापासून सुरू झाला तर होतो ‘चयख’. एकच शब्द दोनदा आला तरी वेगळा दिसतो, त्यामुळे साधी मोजणी हरते. युरोपात अशी पद्धत फार काळ अभेद्य मानली जायची. १८६३ मध्ये कासिस्की या प्रशियन अधिकाऱ्याने ती फोडण्याची रीत छापली. फट किल्ली परत परत येण्यात आहे, म्हणून किल्ली लांब ठेवा. दोघींना पाठ असलेल्या कवितेच्या ओळीतली अक्षरं मोजून आकडे काढले तर किल्ली कुठे लिहून ठेवायला नको. मात्रा तशाच राहिल्या तर चुगली करतात, तेव्हा ही रीत आधी सांगितलेल्या सुट्या स्वरांच्या लिखाणावर चालवा आणि स्वरांचीही वेगळी रांग करून त्यांना तशीच घरं सरकवा.

आणखी एक प्रकार आहे, त्यात मुळात काही लपवलंय हेच दिसत नाही. फ्रान्सिस बेकन या इंग्रज तत्त्वज्ञाने १६२३ मध्ये सविस्तर मांडलेली युक्ती: साध्या मजकुरात दोन किंचित वेगळी वळणं वापरायची आणि पाच-पाच अक्षरांच्या गटातून एक गुप्त अक्षर वाचायचं. देवनागरीला ही फार शोभते, कारण आपल्याकडे शिरोरेषा आहे. सलग शिरोरेषेचा शब्द म्हणजे ०, एका जागी तुटलेल्या शिरोरेषेचा म्हणजे १. सहा शब्दांचा एक गट धरला तर चौसष्ट वेगवेगळ्या जुळण्या होतात, मराठीला त्या पुरतात. लांब मजकूर यात जमत नाही. एखादं नाव, एखादी वेळ सांगायला मात्र ही उत्तम. अभ्यासाच्या वहीतल्या निबंधात बसवलेला निरोप शेजारी बसून वाचणाऱ्यालाही दिसत नाही.

तुमच्यासाठी क्रम मी असा लावेन. पहिला आठवडा फक्त लिपीचा, लपवाछपवी काही नाही: रोज पाच-सहा ओळी लिहायच्या, मैत्रिणीने वाचायच्या. तक्ता न बघता वाचता येऊ लागलं की मोकळ्या जागा काढा. त्याचीही सवय झाली की पर्यायी चिन्हं आणि पोकळ चिन्हं घाला. किल्ली सगळ्यात शेवटी, तीही हौस असेल तर. तक्त्याच्या दोनच प्रती करा आणि त्या वहीत ठेवू नका. मधे एखादं चिन्ह बदललंत तर बदलल्याची तारीख तक्त्यावर लिहा, नाहीतर वर्षभराने तुमचीच जुनी पानं तुम्हाला लागणार नाहीत. भावाला पुन्हा एक पान द्या, आणि या वेळी त्याने कुठून सुरुवात केली ते त्याला विचारा. ज्या चिन्हापासून त्याने सुरुवात केली त्याला आणखी एक पर्याय लागेल.